न्यायालयाच्या अंगणातील पुतळा



राजस्थानातील एका बोलीत नव्या कराराचे भाषांतर चालू आहे. त्या कामाच्या तपासणीसाठी मला अधूनमधून जयपूरला जावे लागते. मराठी माणसाला या नगराविषयी थोडा जिव्हाळा वाटावयास हरकत नाही. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे नगर वसविले, तेव्हा त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे एक महाराष्ट्रीय पंडित होते. राजाच्या इच्छेवरून ते अरबी व फारसी शिकले आणि युक्लिडची भूमिती व टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ त्यांनी अरबीतून संस्कृतात आणला. ज्याचे आयुष्य भाषांतरात गेले त्याला परमुलखात असा पूर्वसूरी भेटला की बरे वाटते. असो. आज मला लिहावयाचे आहे ते जयपूरच्या दुसऱ्याच एका खुणेविषयी.

तेथील उच्च न्यायालयाच्या आवारात मनूचा पुतळा उभा आहे. तो कोणा राजाने उभारलेला नाही. तो १९८९ साली उभारला गेला, म्हणजे राज्यघटना अमलात येऊन एकोणचाळीस वर्षे झाल्यावर. न्यायाधिकाऱ्यांच्याच एका संघटनेच्या पुढाकाराने हे घडले. गदारोळ झाला, तेव्हा त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात उच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींनी एकत्र बसून पुतळा हटवावा असा ठराव केला. त्याविरुद्ध विश्व हिंदू परिषदेचे आचार्य धर्मेंद्र यांनी याचिका केली, ठरावाला स्थगिती मिळाली आणि प्रकरण दशकानुदशके लोंबकळत राहिले. त्याच १९८९ साली आपल्या संसदेने अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा कायदा संमत केला. एका वर्षात एकाच देशाने हे दोन्ही केले. ज्याच्या नावाने अस्पृश्यतेचे समर्थन होत आले त्या स्मृतिकाराला न्यायाच्या अंगणात चौथरा दिला आणि त्या अस्पृश्यतेतून उद्भवणाऱ्या क्रौर्याला कडक शिक्षाही लावली. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही जवळच आहे, पण तो बाहेर, रहदारीच्या चौकात.

महाराष्ट्राचा या पुतळ्याशी संबंध जुना आहे. आपल्याकडील सत्यशोधक परंपरेतले कार्यकर्ते, त्यांत बाबा आढाव, हा प्रश्न घेऊन जयपूरपर्यंत गेले. पुढे ८ ऑक्टोबर २०१८ रोजी औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, गेलेल्या दोन स्त्रियांनी आवारात शिरून पुतळ्यावर काळा रंग फेकला. त्यांना अटक झाली. मी ती बातमी वाचली तेव्हा प्रथम मनात आले की हा मार्ग बरा नव्हे. आणि लगेच दुसरा विचार आला की एकोणतीस वर्षे न्यायालयाच्या स्वतःच्या ठरावाची वाट पाहिल्यावर कोणाला कोणता मार्ग सुचावा, हे मी पुण्यातील माझ्या मेजावरून ठरवू नये.

येथे एखादा वाचक विचारील, आणि रास्तपणे विचारील, की ग्रंथ दुसऱ्यांचा, पुतळा दुसऱ्यांचा. ख्रिस्ती माणसाने त्यात का पडावे? प्रश्न मला टाळावयाचा नाही. दुसऱ्याच्या धर्मग्रंथावर बोट ठेवण्यास आपण मंद असावे असेच माझे मत आहे, कारण आपल्या पवित्र शास्त्रातील वचने हाती घेऊन गुलामांचा व्यापार करणारे आपलेच होते. तथापि या ग्रंथाशी आपला संबंध दोन बाजूंनी आहे. एक बाजू सरळ आहे. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातील महार. ज्या व्यवस्थेने त्यांना गावाबाहेर ठेवले, ती त्या ग्रंथाच्या आधारे योग्य ठरविली जात होती. दुसरी बाजू अधिक अवघड आहे आणि ती माझ्या व्यवसायाची आहे.

इंग्रजी अमदानीपूर्वी मनुस्मृती हा मानाचा, पण अनेकांपैकी एक ग्रंथ होता. इतर स्मृती होत्या, त्यांवरील टीका होत्या, देशाचार होता, जातीची पंचायत होती. निवाडा गावोगाव निराळा होई. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली ठरविले की वारसा, विवाह, जात अशा बाबतींत हिंदूंना शास्त्रांप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा. इंग्रज न्यायाधीशाला संस्कृत येत नव्हते आणि पंडितावर त्याचा पुरता विश्वास नव्हता. त्याला हाताशी धरता येईल असे पुस्तक हवे होते. ते पुस्तक कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७९४ साली दिले. ते मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर होते. जोन्स विद्वान होते, भारतावर त्यांचे प्रेम होते, आणि ते ख्रिस्ती होते. त्यांनी अन्यायाच्या हेतूने लेखणी उचलली नाही. परंतु भाषांतर झाले, छापले गेले, न्यायालयाच्या मेजावर गेले, आणि पाठशाळेत चर्चिला जाणारा ग्रंथ सरकारी कायद्याचा आधार झाला. परकी सत्ता आली म्हणून जातिभेद आला असे म्हणणे असत्य होईल. तो येथलाच, आणि फार जुना. पण त्याला न्यायासनाशेजारी छापील जागा मिळाली ती परक्या सत्तेच्या हातून. मी जोन्सचा विचार पुष्कळदा करतो. आपण अचूक शब्द शोधतो. तो शब्द कोणाच्या हाती कोणते शस्त्र होईल याचा हिशेब भाषांतरकाराच्या मेजावर नसतो.

जयपूर संस्थानाने १८१८ साली कंपनी सरकारशी तह केला आणि पुढील सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तेथील प्रजेवर दोन छत्रे राहिली. जवळचे महाराजांचे, दूरचे इंग्रजांचे. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी शहर गुलाबी रंगविले गेले. ३० मार्च १९४९ रोजी सरदार पटेलांनी याच शहरात राजस्थान राज्याचे उद्घाटन केले आणि पुढच्या वर्षी घटना आली. दलित प्रजेवर या दोन छत्रांखाली तिसरेही एक होते. पहिली दोन गेली त्यांच्या तारखा आपल्याला सांगता येतात.

आपल्या प्रांतात त्या तिसऱ्या छत्राला उघड आव्हान मिळाले ते महाडला. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले आणि महाडच्या नगरपालिकेनेही तसे ठरविले. पण चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्याच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली आणि मनुस्मृतीचे दहन झाले. त्यात पुढाकार होता गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याचा. तारीख होती २५ डिसेंबर. वाचकहो, त्या रात्री कोकणातल्या व देशावरच्या आपल्या मंडळ्यांत नाताळाची गीते झाली असतील, करंज्या वाटल्या गेल्या असतील. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूचा वाढदिवस आपण साजरा करीत होतो, आणि ज्यांना उतारशाळेत जागा नव्हती असे हजारो लोक त्याच दिवशी महाडच्या मांडवात बसले होते. मला या योगायोगात काही दैवी संकेत शोधावयाचा नाही. एवढेच वाटते की आपण मांडवात नव्हतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लोकशाही राष्ट्राने जुन्या अन्यायाच्या खुणांचे काय करावे? पुतळा राहू द्या असे म्हणणाऱ्यांची बाजू मी प्रामाणिकपणे मांडण्याचा प्रयत्न करतो. इतिहास पुसता येत नाही, ते म्हणतात. मनू हा प्राचीन विधिकार म्हणून जगाला ठाऊक आहे. दगड कोणाला बाटवीत नाही. आज हा पुतळा काढलात तर उद्या कशाकशाला हात लावाल? यातला शेवटचा मुद्दा पोकळ नाही. पुतळे पाडणाऱ्या हातांना थांबणे ठाऊक नसते, हे जगाने पाहिले आहे.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाचे दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे उभे केले, ते मुलांनी विचारावे आणि बापांनी सांगावे म्हणून. आणि राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात हिज्कीया राजा एक गोष्ट फोडतो, जी परराष्ट्रीयांची मूर्ती नव्हती, तर खुद्द मोशेने देवाच्या आज्ञेवरून केलेला पितळेचा साप होता. ज्याकडे पाहून एकदा लोक वाचले, त्यालाच पुढे ते धूप जाळू लागले. हिज्कीयाने त्याला ‘नहुश्तान’ म्हटले, म्हणजे जवळजवळ ‘पितळेचा तुकडा’. साप मोशेच्या काळी होता तसाच होता. बदलले होते ते लोकांचे त्याच्यापुढील वागणे. यावरून मी माझ्यापुरते असे ठरविले आहे की खूण कोणाची यापेक्षा ती कोठे उभी आहे आणि तिच्यापुढे कोणाला उभे राहावे लागते हे पाहावे. हाच पुतळा संग्रहालयात असता तर मी तिकीट काढून पाहावयास गेलो असतो आणि नातवंडांना त्याची गोष्ट सांगितली असती. परंतु न्यायालयात माणूस संग्रहालय पाहावयास येत नाही. तो अत्याचाराची फिर्याद घेऊन येतो, हातात कागदांची पिशवी असते, आणि अंगणात त्याला तो स्मृतिकार भेटतो. म्हणून तो तेथून निघावा असे माझे मत आहे, आणि तो रंगाने किंवा घणाने नव्हे, तर त्या न्यायमूर्तींनी १९८९ साली स्वतःच केलेल्या ठरावाने निघावा.

एवढे लिहून मला लेखणी खाली ठेवता आली असती. पण त्या भाषांतराच्या कामात एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आम्ही इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाची तपासणी करीत होतो. यहूदी आणि विदेशी यांच्यामधील आडभिंत ख्रिस्ताने पाडली असे पौल तेथे सांगतो. ‘मेसोतॉयखॉन’ हा ग्रीक शब्द नव्या करारात तेवढ्या एकाच ठिकाणी येतो. मी सहकाऱ्यांना पार्श्वभूमी समजावून सांगितली. यरुशलेमच्या मंदिरात विदेश्यांनी जेथे थांबावयाचे तेथे कठडा होता आणि त्यावर दगडी फलक होते. त्यांतील एक १८७१ साली क्लेर्माँ-गानो या फ्रेंच संशोधकाला सापडला आणि तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. आत शिरणारा परका पकडला गेला तर त्याच्या मरणाचा दोष त्याच्याच माथी, अशा अर्थाची ग्रीक अक्षरे त्यावर कोरलेली आहेत. पौलाला मंदिरात धरले तेही त्याने त्रफिम नावाच्या माणसाला या कठड्यापलीकडे नेले अशा समजुतीने. आणि हा त्रफिम इफिसचाच होता! मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. भाषांतरकाराला असे धागे जुळले की जेवणही सुचत नाही.

आमच्यातला एक तरुण भाषांतरकार, जयपूरजवळच्या खेड्यातला, ऐकून घेऊन म्हणाला, “गुरुजी, भिंत लिहिली तर आमच्या लोकांना ती दिसणार नाही. आमच्या गावात भिंत नव्हती. मटका निराळा होता. आमचा नवरदेव घोडीवर बसला तर दगड येत. भिंत असती तर निदान कोठे थांबायचे ते कळले असते.” सगळे गप्प झाले. मग एकाने विचारले, “आणि तुमच्या मंडळीत?” तो हसला. म्हणाला, “मंडळीत मटका एकच आहे. लग्नाची गोष्ट विचारू नका.”

मी विचारले नाही. कारण त्याने जे विचारू नका म्हटले होते, ते मी घरून बरोबर घेऊनच गेलो होतो.

आपल्या मंडळीत जातिभेदाचा प्रश्न जुना आहे, हे आपण जाणतो. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली दक्षिणेतील मंडळ्यांना पत्र लिहून जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडण्यास सांगितले. कित्येकांनी मंडळी सोडली, जात सोडली नाही. दक्षिण आफ्रिकेत याच्या उलट घडले. तेथील डच रिफॉर्म्ड मंडळीच्या धर्मसभेने १८५७ साली मान्य केले की सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्रानुसार आहे. परंतु काहींच्या दुर्बलतेमुळे ते शक्य नसेल तेथे वेगळी उपासना चालावी. दुर्बलता म्हणजे गोऱ्या सभासदांची दुर्बलता. त्या सवलतीतून वेगळ्या मंडळ्या झाल्या, आणि १९४८ साली सत्तेवर आलेल्या सरकारने वर्णभेदाचे धोरण उभारले तेव्हा त्याला धर्माचे समर्थन आयते तयार होते. त्याच घराण्यातील मिश्रवर्णीय मंडळीने बेल्हार येथे १९८२ साली विश्वासाच्या अंगीकाराचा मसुदा केला आणि १९८६ साली तो स्वीकारला. देवाने जोडलेल्यांना वेगळे ठेवणाऱ्या शिकवणीचा तिने त्यात निषेध केला. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्गच्या परिषदेत विली याँकर या गोऱ्या ईशशास्त्रज्ञांनी स्वतःच्या व आपल्या लोकांच्या वतीने अपराध कबूल केला आणि डेस्मंड टुटू यांनी उठून तो स्वीकारला. सर्वांच्या मताधिकाराची पहिली निवडणूक व्हावयास अजून साडेतीन वर्षे होती. कायद्याच्या आधी कबुली आली, हे मला तेथील इतिहासात विशेष वाटते.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. कायदा १९५० साली आला, कबुलीची वाट आहे. आणि आपली अडचण अशी विचित्र आहे की ती न्यायालयातही गेली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेर राहिले. हा अन्याय आहे असे मी मानतो. त्याविरुद्ध २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहेत आणि २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोग नेमला गेला. पण तेथे आपण काय सांगतो? धर्मांतराने जात गेली नाही, मंडळीतही ती आमच्या मागे आली, हे सांगतो. आणि रविवारी व्यासपीठावरून सांगतो की ख्रिस्तामध्ये जात उरली नाही. दोन्ही वाक्ये मी स्वतः उच्चारली आहेत, एकाच आठवड्यात.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीसाठी एक स्थळ आले. मुलगा शिकलेला, मंडळीत सेवा करणारा, कुटुंब तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मुलाचे वडील आमच्या घरी आले. चहा झाला, पाळकांच्या ओळखी निघाल्या. मग मी विचारले, “तुमचे मूळचे कुठले?” वाचकहो, हा प्रश्न आपल्याला ठाऊक आहे. त्यात गावाचे नाव विचारलेले नसते. त्या गृहस्थांनी गावाचे नाव सांगितले. मी आजोबांचे विचारले, वस्तीचे विचारले. त्यांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “मातंग समाजातून आलो, भाऊसाहेब. तेवढेच विचारायचे होते ना?”

मी काहीतरी बोललो. पंधरा दिवसांनी आम्ही कळविले की मुलीला अजून शिकावयाचे आहे. तिला शिकावयाचे होते हे खोटे नव्हते. तिला त्या वेळी कोणी विचारले नव्हते, हेही खरे. ज्या माझ्या पणजोबांना गावाने बाहेर ठेवले, त्यांच्या पणतवाने आपल्याहून खालचा असा एक शोधून काढला. कोणत्याही न्यायालयाने त्याची दखल घेतली नाही, घेण्याजोगे काही घडलेच नव्हते. नकार सभ्य होता, पत्र माझ्याच हस्ताक्षरात होते, आणि खाली प्रभूच्या सेवेत असे लिहून मी सही केली होती.

जयपूरहून परतल्यावर मी त्या गृहस्थांना पत्र लिहिले. चार ओळींचे. दोनदा फाडले, तिसरे टाकले. उत्तर आले नाही, आणि येण्याचा माझा हक्कही नव्हता. इफिसकरांच्या त्या वचनात शेवटी कोणता शब्द घालावयाचा हे आम्ही अजून ठरविलेले नाही. मसुद्यात भिंतच आहे, शेजारी त्या तरुणाने पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे, आणि मी ते खोडलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात नगरला एका अधिवेशनात ते गृहस्थ दिसले. प्रभुभोजनाच्या वेळी रांगेत योगायोगाने ते माझ्या उजव्या हाताला बसले होते. लहान पेल्यांचे तबक त्यांच्याकडून माझ्याकडे यावयाचे होते. त्यांनी आपला पेला घेतला, तबक दोन्ही हातांनी धरले आणि माझ्यापुढे केले. तबक जड होते. मी पेला उचलीपर्यंत त्यांनी ते तसेच धरून ठेवले.